सव्वा इकडे, सव्वा तिकडे

दिवाळीपासून एकशे पाच किलो.
एकशे पाच निघतं, कण्हत का होईना.
बाजूंना अडीच-अडीच चढवले की
अर्ध्या उठण्यात कुठेतरी
माझं आणि पायांचं बोलणं तुटतं.

वंदनाची ब्लाउजची टेप मांडीला : चोपन्न.
चाळीतला आकाशकंदील उतरला : चोपन्न.
संक्रांतीचे तीळ संपले : चोपन्न.
"टेप ताणू नका हो," ती म्हणाली,
"गिऱ्हाइकांची मापं चुकतात."

मग माणूस करतो ते सगळं केलं.
पायांचा आठवड्यात एक दिवस होता, तीन केले.
सकाळी सहा अंडी.
हप्त्यावर पावडरचा डबा,
डब्यावर कुणा परक्या माणसाची मांडी.
असल्फ्याच्या टेकडीवरच्या एकशे एकोणसत्तर पायऱ्या
पाठीला हत्यारांची पिशवी लावून
दोन-दोन करत चढलो.
एकशे पाच.

तांडेल मॅडमची जिम पिठाच्या गिरणीवर आहे.
खाली बाजरी पडली की वर आरसा थरथरतो,
आणि तळव्यावर खडू आहे की पीठ, सांगता येत नाही.
मॅडम साठीच्या. रेल्वेकडून वजनं उचलायच्या.
आता स्टुलावर बसून
बोंबील निवडावेत तशी आमची ढोपरं निवडतात.

"वाघचौरे, झोपतोस किती?"
चार तास.
लिफ्ट बंद पडायची ती रात्रीच पडते,
पवईत, बत्तिसाव्या मजल्यावर,
आत कुणाची तरी सासू.
"मग पाय वाढणार कधी?
इथे नुसते मोडतात ते. वाढतात गादीवर.
दहा दिवस मला तोंड दाखवू नको."

दहा दिवस.
रात्रीच्या फेऱ्या धाकट्या पोराला दिल्या,
झोपलो,
आणि झोपेतही चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

आठव्या दिवशी चांदिवलीत
दोन मजल्यांमध्ये अडकलेली रिकामी लिफ्ट.
बावीस वर्षं हेच करतोय :
वीज तोडायची, ब्रेक हळूच सोडायचा,
आणि रिकामी लिफ्ट, कुणी न ओढता,
वर जायला लागते.
पलीकडचं वजन तिच्याहून जड असतं म्हणून.
नव्या पोरांना दरवेळी मीच सांगतो हे.
ब्रेकवर हात ठेवून तसाच उभा राहिलो.
खालून वॉचमन ओरडला, "झालं का?"

अकराव्या दिवशी सत्तर किलो.
सत्तर! कॉलेजची पोरं बघत होती.
"खाली बस. तीन मोज.
उठायची घाई कुणाला आहे?"

तळाशी बसून राहिल्यावर कळलं,
डावा कामचुकार आहे.
नववीत चिंचेवरून पडलो, सहा आठवडे प्लास्टर,
तेव्हापासून त्याच्या वाटणीचं
उजवा गुपचूप उचलतोय,
आणि मी ओरडतोय दोघांवर.

मग एकेका पायावर.
मागचा पाय बाकावर, हातात बारा-बाराचे डंबेल.
डाव्याचे आठ झाले की उजव्यालाही आठच.
"त्याला येतात अजून," मी म्हणालो.
"येऊ देत. थांबायला शीक म्हणावं."

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी
मॅडमनी ड्रॉवरमधून दोन चकत्या काढल्या,
बशीएवढ्या. कुणी वापरत नाही त्या.
"सव्वा इकडे, सव्वा तिकडे,"
देवापुढे ठेवावेत तशा हाताने लावल्या.

खाली गिरणी चालू.
बसलो. एक. दोन. तीन.
मध्यावर नेहमीची जागा आली.
तिथे इतका थांबलो
की पोरं हात पुढे करून धावली.
"हात लावू नका रे!"

डावा आधी हलला.

त्या रात्री पायऱ्या एकेक करून चढलो,
कठड्याला धरून, म्हाताऱ्यासारखा.
साडेचोपन्न. बहुतेक.
नीट बघायच्या आत वंदनाने टेप काढून घेतली
आणि दारात उभ्या सुलभाच्या खांद्याला लावली.