सॉनाच्या दारात

फ्रिजच्या वरच्या खणात इंजेक्शनची पेनं,
औलूच्या दवाखान्यातून आणलेली, अजून सीलबंद.
खाली आइलामावशीची क्लाउडबेरीची बरणी
आणि तिची चिठ्ठी :
घाई करू नकोस, हिलेवी.
रेनडिअरला कोण इंजेक्शन देतं?

मावशीला सहा झाली.
तिला काय ठाऊक
रोज पहाटे जिभेखाली थर्मामीटर धरून
एका दशांशाची वाट बघणं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एकोणचाळीस.
एवढंच म्हणाल्या.

दोघींचं एकाच गोष्टीवर जमलं :
योउनीनं तीन महिने सॉनात जायचं नाही.
तिथली उष्णता त्याच्या बाजूला मारक.

म्हणून तो बाहेर पायरीवर, बर्फात,
टोपी कानांवर ओढून.
आणि मी आत एकटी,
तापल्या दगडांवर पाणी ओतते. चर्र.
‘किती झालं?’ दारापलीकडून विचारतो.
‘ऐंशी.’
‘अजून एक पळी टाक. ऐकू तरी येऊ दे.’

मी दोन टाकते.

सोमवारी पहिलं पेन उघडायचं की नाही
ते आमचं अजून ठरलेलं नाही.
फटीतून थोडी वाफ निसटते त्याच्याकडे.
तो म्हणतो,
ही मोजायची नाही हं.