उलटा पीळ

पारवी नावाची माझी घोडी
चार दिवस नऊ जणांच्या पिशव्या वाहणार,
नऊ जण मोकळ्या हातांनी चालणार
आणि चालण्याचे पैसे देणार.
आमचा म्हातारा जन्मभर चालला मेंढरांमागं,
त्याला कुणी छदाम दिला नाही.
हे मी मनातच म्हटलं, पाटोद्याच्या स्टँडमागं,
दोरी आवळताना. घोडीनं पोट फुगवलं,
तिची जुनी खोड.
मी थांबलो. तिनं श्वास सोडला.
मग गाठ मारली.

पहिला दिवस नुसता चढ.
तरवडाची पिवळी फुलं, तापलेला काळा दगड,
खाली विंचरणेला पाणी कमी, आवाज जास्त.
ह्या डोंगराचं नाव काय, त्यांनी विचारलं.
डोंगर, मी म्हणालो.
मग माझं मलाच वाईट वाटलं,
म्हणून एकेक टेकाड सांगत गेलो:
म्हसरदरा, आवळ्याचा माळ, सासूची पाठ.
आणि ते पलीकडचं, जिथून लांडग्यानं
एका रात्री सतरा कोकरं नेली,
त्याला नाव नाही. तिकडं आम्ही बोट करत नाही.
सासूची पाठ का म्हणतात?
चढून बघा, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तांडा.
धर्मीबाईच्या ओढणीतल्या आरशांत
नऊ मोबाईल एकदम चमकले.
आधी पाणी पी, ती म्हणाली, मग काढ फोटो.
पाणी पिताना त्यांचे हात गुंतले,
आणि फोटो राहूनच गेला.
रात्री शाळेच्या ओट्यावर
हाडांच्या डॉक्टरनं स्वतःच्या टाचेचे फोड मोजले
आणि कुणाला सांगू नका म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आमची वस्ती.
कोंडाआत्या हिवराच्या सावलीत चाती फिरवत होती,
मांडीवर जावळाची लोकर,
शेजारी खळीसाठी भिजवलेले चिंचोके.
सगळे वाकून बघायले.
मृण्मयी नावाची एक, चार दिवसांत फार बोलली नाही,
तिनं फोन पुढं केला.
साता समुद्रापलीकडचा डोंगर, त्याच्या डोक्यावर बर्फ,
मागं उंटाच्या मानेची कसलीशी मेंढरं,
आणि पुढं टोपी घातलेली एक म्हातारी,
चाती फिरवत चाललेली.
चित्र हलत होतं.
आत्यानं काच पदरानं पुसली.
पुन्हा लाव, म्हणाली. पुन्हा लाव.
मग म्हणाली,
हिचा पीळ उलटा हाय.

नऊ जणांत कुणालाच ते दिसलं नव्हतं.
मृण्मयीलाही नाही,
जी तिच्या अंगणात दोन रात्री राहिली होती.
तिला आठवलं एवढंच, की असा एक धागा
तिकडं मनगटाला बांधतात,
वाईट वाटेनं जाऊ नये म्हणून.
मग बरोबर हाय, आत्या म्हणाली.
आपला काळा दोरा काय निराळा?

आणि तिनं चाती डावीकडं फिरवली.
साठ वर्षांचा हात ऐकेना.
धागा तुटला. पुन्हा तुटला.
आत्यानं चातीला एक शिवी दिली,
जी कुणी लिहून घेतली नाही.
तिसऱ्यांदा वीतभर उतरला,
जाडाभरडा, मधेच बारीक.

मृण्मयीनं हात पुढं केला होता.
आत्या तिच्या अंगावरून उठली, सरळ गेली
आणि पारवीच्या पुढच्या पायाला दोरा बांधला.
ओझं तिच्यावर हाय, म्हणाली.

चौथ्या दिवशी उतार. जीप. हात हलवणं.
पैसे मोजले, अर्धे आत्याकडं नेले.
कशाचे? म्हणाली. चालले तर ते.
तरी घेतले, कमरेला खोचले.

आता उन्हाळा लागलाय.
पारवीचे खूर दोनदा छाटून झाले,
दोरा मळलाय, पण उकलला नाही.
परवा आत्या सहज बोलल्यासारखं म्हणाली,
त्या पोरीला फोन लाव.
इचार, ती म्हातारी खळ कशाची लावती.
चिंच असंल का
तेवढ्या थंडीत?