हाताला कळलं पाहिजे

डब्यावर छापलंय: पाच रंग, चार जीबी, फोटोही दिसतात.
रुवीच्या या गल्लीत सतरा वर्षं काउंटरमागे उभा आहे,
मला अजून कुणी रंग विचारला नाही.

यल्लय्या विचारतो, बटण वर आलंय का?
परांचीवर असतो तो, नवव्या मजल्याच्या उंचीला,
एक हात पाइपाला, दोन्ही हातांत मोजे.
खिशावरून नुसतं दाबलं
की पुढचं गाणं लागलं पाहिजे.
बघायला गेलं की पाय चुकतो, म्हणाला.
मी तीन काढून ठेवले. त्यानं डोळे मिटून
एकेक चाचपला, भेंडीचं टोक मोडून बघावं तसा,
आणि सगळ्यांत बोजड तो घेऊन गेला.

कंपनीचा माणूस वर्षातून एकदा दुबईहून येतो,
टाय लावून. निसारभाई, आता पडदा मोठा येतोय.
मी म्हणतो, पडदाच नको.
खोलीत आठ खाटा, चार रात्रपाळीच्या, चार दिवसाच्या.
एवढासा उजेड पडला तरी
वरच्या खाटेवरून चप्पल येते.
तो हसतो. वहीत लिहीत नाही.

सुमना शाती-अल-कुर्मच्या बंगल्यात इस्त्री करते.
तिला एप्रनच्या शिवणीत मावणारा हवा,
आणि वायर एकाच कानाची.
दुसरा कान मॅडमचा, म्हणाली.
पैसे मोजताना मान खाली होती,
हसली की नाही, कळलं नाही.

कुरियातचा म्हातारा नाखवा हमूद
इंजिनाच्या वर ऐकू येईल एवढा आवाज मागतो.
मी म्हटलं, एवढा आवाज या काडेपेटीत कुठला मावायला?
मग इंजिन बंद करून ऐकेन, म्हणाला,
पेट्रोलही वाचेल.

आणि शुक्रवारी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर,
डंबर बहादूर.
रुमालाची गाठ सोडून त्यानं जुना प्लेअर काचेवर ठेवला.
घामानं आतली पट्टी हिरवी पडलेली.
सहा रियालला नवा येतो, मी म्हटलं.
नवा नको. आतलं काढून दे.

तासभर लागला. आत गाणं एकही नव्हतं.
चार मिनिटं अकरा सेकंद,
भांडी आपटल्याचे आवाज, दोन बायका, एक कोंबडा.
सुट्टीवर असताना चुकून दाबलं गेलेलं बटण.
बायको आणि वहिनी, म्हणाला,
पिठाच्या चाळणीवरून.
दुसऱ्या मिनिटाला तो हसला.
पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच,
आवाज यायच्या जरा आधीच हसला.

नव्यात भरून दिलं. त्यानं विचारलं,
मध्येच बंद केलं तर परत कुठून लागतं?
स्वस्तातला आहे, मी म्हटलं, दर वेळी पहिल्यापासून.
तो थांबला. नको.
जिथं थांबलं तिथूनच लागलं पाहिजे.

तसला साडेनऊला आहे.
त्याच्याकडे सहा होते.
हंसराजशेठना मी सांगितलं, डब्याला पोचा आला होता,
कमी करून दिला. साडेतीन माझ्या नावावर मांडले.

शटर ओढताना वायरींचा गुंता हातात आला,
सोडवत बसलो उगाच.
दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस दाभोळला उतरतो.
मुलगी पाणी आणून देते, बसा म्हणते,
पाहुण्याला म्हणतात तसं, आणि ग्लास घ्यायला थांबत नाही.
विसाव्या दिवसापर्यंत कुठं ती अब्बा म्हणायला लागते,
मग बॅगा भरायच्या.
पुढच्या खेपेला पहिल्यापासून.

या वर्षी कंपनीच्या माणसाला हे सांगणार आहे.
टाय सैल करून बसला तर.