पान पाच, खाली डावीकडे

लोटन मिस्तरीच्या दुकानात
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात
तसाच सकाळी आठला पेपर उघडतात :
हवा कुठून जातेय.

पान पाच. वर पतपेढीच्या जप्तीची नोटीस,
मधोमध टेनिस बॉल चषकाचा तीन कॉलमी फोटो,
आणि खाली डावीकडे माझी बातमी,
पारोळा प्रतिनिधी, चार ओळी.
‘भोये यांना धोबीपछाड देत बोरसे विजयी.
कुस्तीशौकिनांच्या डोळ्यांचे पारणे फिटले.’

माझ्या डोळ्यांचं नव्हतं फिटलं.
मी त्या दुपारी एरंडोलला होतो,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जाहिरातीमागे.
निकाल फोनवर घेतला.
डाव मनानेच टाकला.
गेल्या वर्षी तोच टाकला होता,
त्याच्या आदल्या वर्षीही.

‘ये रे भो,’ धुडकू आप्पा म्हणाले.
कान त्यांचे तळलेल्या बिबड्यासारखे आकसलेले.
‘तू तठे व्हता का?’
मी सगळ्यांना चहा सांगितला.
चहा आला, संपला,
प्रश्न बाकावर तसाच बसून.

हिलाल म्हणाला, घिस्सा.
युसुफ पिंजारी म्हणाला, घिस्सा खरा, पण पोकळ,
जांघियाला हात होता कुठे?
शालिक म्हणाला, मोळी,
पण शालिक बसला होता पश्चिमेकडे तोंड करून, डोळ्यांवर ऊन,
त्याचं मत कुणी मोजलं नाही.
धोबीपछाडीला माणूस उभा तर पाहिजे!
हे दोघे मातीत, तेही बावीस मिनिटं,
आणि भोये कोण? गोकुळ भोई तो,
बोरीत मासे धरणाऱ्या वामनचा.

‘बावीस मिन्टं त्यानी पाठ लागू दिन्ही नही,’
आप्पा म्हणाले,
‘अन् तू त्याले कपडासारखं आपटी टाकं?’

मग पोतं अंथरलं.
मला ओणवा केला, पेन खिशातून काढून घेतलं.
आप्पांचं वय
त्यांच्या मनगटापर्यंत अजून पोचलं नव्हतं.
ते मनगट मानेवर आलं,
हनुवटी छातीत गेली,
चेन दिसली, स्पोक दिसले, ग्रीसचा डबा उलटा दिसला,
आणि मग एकदम पत्रा.
पाठीखाली एक छर्रा रुतत होता.
‘आते लिख.’

यंदा मी गेलो.
पूर्वेकडे तोंड करून बसलो, वही मांडीवर.
गोकुळने बोरसेला खाली घेतला
तेव्हा माझी मान आपोआप आखडली,
डाव डोळ्यांआधी मानेनं ओळखला.
घरी येऊन बावीस ओळी लिहिल्या.
भोई हे नाव दोनदा तपासलं.

रात्री जळगावहून फोन, डेस्कवरचं नवं पोरगं :
‘सर, पोकळ घिस्सा म्हणजे काय?
वाचकांना कळेल का?’
मी समजावत राहिलो.
पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला.

सकाळी आठ. पान पाच. चार ओळी.
‘बोरसे यांना धोबीपछाड देत भोये विजयी.’
दुकानात कुणी बोलेना.
आप्पांनी वही मागितली, धरली उलटी,
माझ्याकडे परत दिली, वाच म्हणाले.
मी अठरा ओळी वाचल्या, न छापलेल्या,
मनगट, मान, रिकामा दुसरा हात,
मातीत हलगी थांबली ते सुद्धा.
एक गिऱ्हाईक पंप हातात धरून तसंच उभं.

‘पंक्चर आठे नही,’ लोटन ट्यूब पिळत म्हणाला,
‘जळगावले शे.’

हसले सगळे.
आप्पांनी आज चहा स्वतः सांगितला.
आणि शालिक, गेलं वर्षभर गप्प असलेला,
बशीत फुंकर मारत पुटपुटला :
यंदाची तरी मोळीच होती.