वाटेकरी

पो नदीच्या सखल काठावर, नोव्हेंबरात,
नीवेस पहाटे चारला उठून
तारांच्या चौकटीखालची बाटली सोडवते.
रात्रभराचं धुकं: जेमतेम अर्धा पेला.
रंग कोऱ्या चहाचा.

बाष्पाला आपलं आपण थेंब होता येत नाही.
त्याला टेकायला काहीतरी लागतं:
कुणाच्या चुलीतली काजळी,
समुद्रावरून भरकटलेलं मीठ,
नाहीतर गोठ्यातल्या मुताचा दर्प
हमरस्त्याच्या धुराला भेटून झालेला क्षार,
इतका बारीक, की केसाच्या जाडीत
शे-दोनशे सहज निजतील.

एर्मेते शेजारचा. वय ब्याऐंशी.
दुधाचा टँकर चालवायचा, कोळशाच्या दिवसांत.
धाकटा भाऊ पुढे चालायचा,
पाठीला पांढरा टॉवेल पिनांनी टाचलेला,
आणि हा त्या टॉवेलमागे, पहिल्या गिअरमध्ये,
कालव्याच्या कडेकडेनं.
"एकदा टॉवेल दिसेनासा झाला," एवढंच म्हणतो.
पुढचं गावाला माहीत आहे.

पाणी तेवढंच असतं, नीवेस त्याला सांगते,
वाटेकरी वाढले की वाटे बारीक होतात.
कण मोजके असले तर थेंब धष्टपुष्ट,
स्वतःच्या वजनानं खाली बसतात,
पॉप्लरची झाडं टपटपतात,
मधल्या फटींतून मनोरा दिसतो.
कण अगणित झाले की धुकं दळल्यासारखं,
खाली पडत नाही,
उजेड घेतं आणि दाही दिशांना उधळतं;
दिवा लावावा
तर आपल्याच तोंडासमोर पांढरी भिंत.

तो ऐकतो. बाटली खिडकीशी धरतो.
"यात तेव्हाचं काही असेल?"
नाही, ती म्हणते. कण फार तर आठवडाभर जगतो.
मग जमिनीवर, पानावर, कुणाच्या छातीत.
"आठवडा," तो म्हणतो. बोटांवर मोजतो,
मोजून काय करणार ते त्यालाच ठाऊक.

आता कारखाने थंड आहेत, धुकंही पूर्वीचं नाही;
तरुण पोरं त्याला धुकं म्हणतात
तेव्हा एर्मेतेला हसू येतं.

प्रयोगशाळेचा कागद गुरुवारी येतो.
नायट्रेट, अमोनियम. आणि लाकडाचा धूर,
बराचसा, जवळचाच.
तो द्राक्षवेलींच्या छाटण्या जाळतो,
हे तिला कागदाशिवायही माहीत होतं.
तिनं कागद घडी करून खिशात ठेवला.
वहीत लिहिलं: दृश्यता तीनशे मीटर.
म्हणजे एर्मेतेच्या धुराड्यापर्यंत.
धुराड्यातून धूर निघतोय,
थोडा वर चढून
आडवा होतोय.