रिवाइंडिंगचा मोफत वर्ग

फी नाही, परीक्षा नाही.
फॉर्मवर वयाच्या रकान्याशी पेन थांबलं.
सर म्हणाले, अंदाजे टाका.

सावद्याच्या वखारीत वीस वर्षं केळीच्या फण्या मोजल्या,
आता तांब्याच्या तारेचे वेढे.
दोनशे ऐंशी, एक्क्याऐंशी...
शेजारून सुपडू बोंडे: मावशी, किती वाजले वं?
गेलं सगळं.
पुन्हा एकपासून.

बोटांना वार्निशचा वास.
सून म्हणते, भाकरीत उतरतो.
उतरू दे.

काल पहिला पंखा जोडला.
फिरला, पण उलटा.
वारा सगळा छताकडे,
शाळेची जुनी जळमटं हलली,
वर्ग हसला,
मीही.

सरांनी स्वतः वायरी बदलल्या नाहीत.
पक्कड पुढे केली
आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.