खाण तशी

लुबोर म्हणतो, रेडिएटरच्या आत
रात्रपाळीची माणसं बोलतात.
माझं नाव घेऊन बोलतात. कान लाव.
मी लावते. पाणी गुरगुरतं, बस.

एकाच उन्हाळ्यात, एकाच स्वयंपाकघरात
आम्ही दोघांनी ओढला होता तो पांढरा चुरा.
इथे त्याला पेर्निक म्हणतात,
नाताळातल्या मसालेदार केकचं नाव.
तीन रात्री डोळ्याला डोळा नाही,
हसून हसून बरगड्या दुखल्या.
चौथ्या दिवशी मी मेल्यासारखी झोपले
आणि उठून बेकरीत कामाला गेले.
तो उठला
तो पडदे ओढून घेतच.

नर्स माझ्या दंडाला रबरी पट्टी बांधते.
"अशाच भावंडांचं रक्त हवं असतं,"
डॉक्टर हावेल्का म्हणतात,
"एकाला झालं, एकाला नाही."
कुठलं जनुक, मी विचारते.
ते चष्मा पुसतात.
एक नसतंच. शेकडो.
एकेकाचा हात लागतो, चिमूटभर मिठाइतका.
मग खारट झालं हे कळतं कधी?
ते काहीतरी लिहीत राहतात.

फॉर्मवर घराण्याचा रकाना.
आजोबा: पाळीवर जागं राहायच्या गोळ्या,
आणि पाळी संपल्यावरही.
क्व्येता आत्या: कसली म्हणून नशा नाही,
तरी तिला चमच्यांतून हुकूम यायचे.
आई: कोरा.
आमच्यात असलं काही नाही, ती सांगते
आणि फोन ठेवते.

खाण तशी माती म्हणणाऱ्यांनी
एकदा मोस्तला यावं.
इथे कोळशासाठी अख्खं गाव उकरलं,
चर्च तेवढं रुळांवर चढवून
इंच इंच पुढे सरकवलं.
मग खड्ड्यात पाणी सोडलं.
आता तिथे पोरं पोहतात.
खाण होती, खरंय.
माती कुठे गेली, विचारा कुणाला.

"तुझ्यातही असेल ना ते?"
लुबोर विचारतो. आवाजात राग नाही,
सोबत मागितल्यासारखं.
निम्मं, मी सांगते. सरासरीने.
कुठलं निम्मं?
ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

बुधवारी मी जाड रजई नेते,
रेडिएटरवर पांघरते.
खोली गार पडते. कोट घालून बसतो दोघं,
बेकरीतले कालचे पाव खात.
आता हळू बोलतायत, तो म्हणतो.
हो, मी म्हणते.